आधी शोध, मग पाना : जुन्या स्पोर्ट्स कारच्या लहान गळत्या आणि बारीक बिघाड



उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या आठवड्यात आपला एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. दहावी होऊन त्याला दोन वर्षे झाली आहेत. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. मी विचारले, "काय रे, काय झालं?" तो म्हणाला, "मॅडम, गॅरेजात काम शिकतोय. गाडी गरम झाली होती, पाणी टाकायला रेडिएटरचं झाकण उघडलं, तर सगळं उकळतं पाणी हातावर आलं." भाजल्यावर तिथल्या कुणीतरी त्यावर टूथपेस्ट लावली होती, त्यामुळे जखम आणखी चिघळली.

तो गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. नववीत त्याला विज्ञान मीच शिकवले होते. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनांक वाढतो, हे वाक्य त्याच्या वहीत होते आणि त्याखाली माझी तपासल्याची सही होती. वाक्य वहीत राहिले, हातापर्यंत पोचले नाही. दोष एकट्या मुलाचा नाही, आम्हा शिक्षकांचाही आहे. म्हणून या अंकात नेहमीचे मनोगत न लिहिता हा थोडा वेगळा लेख लिहीत आहे.

आपल्या नवागाम, डिंडोली, उधना भागातली बहुतेक कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी इकडे आली. वडील लूमवर किंवा मिलमध्ये, आणि सुट्टी लागली की मुलगा जवळच्या गॅरेजात, हे चित्र घरोघरी आहे. काम शिकण्यात कमीपणा काहीच नाही. पण ते नीट शिकावे, जिवाला जपून शिकावे, एवढेच माझे सांगणे आहे.

रविवारची सकाळ

आपल्या शाळेच्या एका पालकांचे उधन्याकडे गॅरेज आहे. त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाची जुनी, दोनच माणसे बसतील अशी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार दुरुस्तीला आली होती. दिसायला राजबिंडी, पण रात्री उभी केली की सकाळी खाली चार ठिकाणी डाग. पालकांनी निरोप पाठवला, "मॅडम, मुलांना घेऊन या. पुस्तकात नसतं असं काही दाखवतो." घरच्यांच्या परवानगीने नववीची पाच मुले आणि पाच मुली घेऊन मी गेले. अट एकच होती : बघायचे, विचारायचे, हात लावायचा नाही.

मी स्वतः बुऱ्हाणपूरला हिंदी माध्यमातून बी.एस्सी. झाले. तिथे गळतीला आम्ही 'रिसाव' म्हणायचो, आणि तो एकच शब्द सगळीकडे चालायचा. मराठीत मात्र या एका गोष्टीला चार शब्द आहेत : पाझर, ठिबक, गळती आणि धार. गॅरेजमधल्या त्या सकाळी मला कळले की हे चार शब्द म्हणजे मेकॅनिकची मोजपट्टीच आहे.

स्पोर्ट्स कार आपल्याकडे कुठून आल्या?

स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ महागडी गाडी नव्हे. वजनाने हलकी, जमिनीला लागून चालणारी, वळणावर पकड सोडणार नाही अशी आणि बहुधा दोन आसनांची गाडी. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची अशीच अगदी साधी, हलकी गाडी काढली. त्याच वळणाची 'चिंकारा रोडस्टर' नावाची गाडी पुढे आपल्या महाराष्ट्रात, अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथे तयार होऊ लागली. तिला फायबर ग्लासचे अंग आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते. अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल गाडीतही १.८ लिटरचे इसुझू इंजिन येत असे. गोव्यात १९९८ साली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी आली. तिचेही अंग फायबर ग्लासचे, आणि इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचे ११४९ सी.सी.चे. म्हणजे स्पोर्ट्स कार ही फक्त सिनेमात दिसणारी वस्तू नाही, कोकणात आणि गोव्यात ती कामगारांच्या हातून घडलेली आहे.

आणखी एक गंमत सांगते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेली 'एम.जी.बी.' ही जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. तिचे १७९८ सी.सी.चे इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचे जुने १४८९ सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले आहे. तेव्हा अ‍ॅम्बेसेडर खोलून जोडलेला मिस्त्री त्या गोऱ्या पाहुणीपुढेही घाबरत नाही. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण ते ज्ञान अजून जुन्या मिस्त्रींच्या बोटांत आहे.

जुनी गाडी गळते तरी का?

इंजिन म्हणजे एकावर एक बसवलेले धातूचे भाग. दोन भागांच्या मधे कागदाचे, बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. जुन्या गाड्यांत बुचाचे पॅकिंग पुष्कळ. बूच वाळले की आकसते, रबर तापून तापून कडक होते, मग तेल वाट काढते.

काही जुन्या इंजिनांत मागच्या बाजूला आजच्यासारखे रबरी ऑईल सीलच नव्हते. फिरणाऱ्या दांड्यावर आट्यासारखी खाच कापलेली असे. दांडा फिरला की ती खाच बाहेर येणारे तेल परत आत ढकलते. युक्ती नामी आहे, पण दांडा फिरत असेपर्यंतच. गाडी उतारावर उभी राहिली की थोडे तेल बाहेर येणारच. अशा इंजिनाची थोडी ओल हा आजार नसून स्वभाव आहे.

स्पोर्ट्स कारला आणखी दोन दुखणी असतात. ती जमिनीलगत असल्याने आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर तिचे ऑईल चेंबर घासते. आणि अशी गाडी रोज चालत नाही, महिनोन् महिने झाकून उभी असते. उभ्या गाडीत सील वाळतात, ब्रेकचे पिस्टन गंजून अडकतात, पेट्रोल चिकट होते. गाडी चालून जेवढी झिजते, तेवढीच उभी राहूनही बिघडते.

चार शब्दांची मोजपट्टी

पाझर म्हणजे नुसती ओल. धूळ चिकटून काळा थर होतो, पण थेंब पडत नाही. पुसा, लक्ष ठेवा.

ठिबक म्हणजे थांबून थांबून पडणारा थेंब. याचे गणित करून पाहा. सुमारे २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो असे धरू. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. महिन्याला २ लिटरहून जास्त. लहान गाडीच्या इंजिनात साधारण ३ ते ४ लिटर तेल असते. म्हणजे दोन महिन्यांत इंजिन कोरडे. 'एक थेंबच तर आहे' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करावा.

गळती म्हणजे सकाळी खाली थारोळे दिसणे. गाडी रस्त्यावर काढू नये.

धार लागली तर इंजिन तिथल्या तिथे बंद.

पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. पेट्रोल आणि ब्रेक ऑईल यांना ही मोजपट्टी लागू नाही. त्यांचा पाझरसुद्धा धारेइतकाच गंभीर समजावा.

रंग, वास आणि जागा

त्या पालकांनी आदल्या रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा अंथरला होता आणि चारही चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवल्या होत्या. सकाळी पुठ्ठ्यावर चार डाग होते. ते मुलांना म्हणाले, "सांगा, कुठला डाग कशाचा?"

इंजिनाखालचा तपकिरी-काळा, बोटाला गुळगुळीत लागणारा डाग इंजिन ऑईलचा. जरा मागे, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असलेला डाग गिअर ऑईलचा. पुढे रेडिएटरखाली हिरवट डाग कूलंटचा. कूलंट गाडीप्रमाणे गुलाबी किंवा निळाही असतो. त्याची चव गोडसर असते आणि तो विषारी असतो, म्हणून लहान भावंडे आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून दूर ठेवावा. चौथा डाग मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला होता : फिकट पिवळा, पातळ. पालकांचा चेहरा तिथे गंभीर झाला. ते ब्रेक ऑईल होते.

पेट्रोलचा डाग बहुधा दिसत नाही, उडून जातो, पण वास राहतो. आणि ए.सी. असलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी पडत असेल तर काळजी नको, ती हवेतली वाफ थंड होऊन पडते.

थेंब पडतो तिथे दोष नसतो

त्या दिवसातला सर्वांत मोठा धडा हा होता. तेल वरून निघते, वाऱ्याने मागे ढकलले जाते, कडेकडेने उतरते आणि सगळ्यात खालच्या नटावरून टपकते. अनाडी माणूस तोच नट आवळत बसतो. म्हणून नियम असा : दोष शोधायचा तो थेंबाच्या वर आणि पुढे.

पद्धत सोपी आहे. थंड इंजिन आधी स्वच्छ धुऊन कोरडे करायचे. संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरायची. मग इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचे आणि बॅटरीने बघायचे. पांढऱ्या पावडरीवर जिथे पहिली ओली रेघ उमटते, तिथे मूळ. आमच्या गाडीत ती रेघ खाली चेंबरवर नव्हती, सगळ्यात वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर होती. एका मुलीने विचारले, "काका, मग खालचं पॅकिंग तुम्ही कालच बदललं असतं तर?" ते हसून म्हणाले, "तर बेटा, एक दिवस आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट गेले असते."

तेलाची दुरुस्ती

पॅकिंग बदलण्याआधी इंजिनाची श्वासनळी बघावी. इंजिनाच्या पोटात तयार होणारा वायू बाहेर जाण्यासाठी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. मग कितीही पॅकिंग बदला, गळती थांबत नाही. नळी साफ केली की पुष्कळदा दोन-तीन ठिकाणचे पाझर आपोआप थांबतात.

दुसरी गोष्ट, आवळण्याची घाई नको. टॅपेट कव्हर आणि चेंबर पातळ पत्र्याचे असतात. जास्त आवळले की नटाजवळ पत्रा दबतो, मधे कमान होते, बूच चिरडते आणि गळती वाढते. कव्हर काढून त्याची कड सपाट लादीवर ठेवून तपासावी, वाकली असेल तर हलक्या हाताने ठोकून सरळ करावी, जुने पॅकिंग खरवडून काढावे, नवे बसवावे आणि नट थोडे थोडे, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

ड्रेन नटाखाली तांब्याचे वायसर असते. एकदा दाबले की तांबे कडक होते आणि नीट बसत नाही. नवे वापरणे उत्तम. नसेल तर जुने लालसर तापवून पाण्यात टाकतात. लोखंड असे केले तर कडक होते, तांबे मात्र तापवल्याने मऊ होते. हा फरक आठवीच्या मुलांनी जरूर विचारावा.

पाण्याची दुरुस्ती आणि ते झाकण

आता त्या भाजलेल्या हाताची गोष्ट. रेडिएटरचे झाकण हे डब्याचे साधे झाकण नसते, त्यात स्प्रिंग असते. ते आतला दाब वाढू देते. आत हवेच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बार जास्त दाब असला तर पाणी १०० अंशांऐवजी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. आता समजा आत ११० अंशांचे पाणी आहे आणि तुम्ही झाकण उघडले. दाब एका क्षणात जातो, आणि जे पाणी आतापर्यंत शांत होते ते एकदम उकळून उसळते. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडायला आई का देत नाही, तेच इथे.

म्हणून इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा तास तरी थांबा, वरच्या होज पाईपला हात लावून पाहा, तो थंड असेल आणि दाबल्यावर नरम लागेल तेव्हाच जाड कापड घेऊन झाकण हळूहळू फिरवा. कुणी भाजलेच, तर त्या जागेवर वाहते साधे पाणी २० मिनिटे सोडावे आणि दवाखाना गाठावा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नये.

होज पाईप टोकाला फुगला असेल, दाबल्यावर कुरकुर वाजत असेल किंवा चिरा दिसत असतील तर बदलावा. तो फार महाग नसतो, इंजिन मात्र महाग असते. पाण्याच्या पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते. पंपाचे सील झिजले की तिथून पाणी ठिबकते. काही जण ते छिद्रच एम-सीलने बुजवतात! ते छिद्र बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेले असते. ते बंद केले की पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पंप रस्त्यात जाम होतो. तक्रार सांगणारे तोंड बंद केल्याने तक्रार मिटत नाही.

पेट्रोल

जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. त्याच्या वाटीत फ्लोट तरंगतो, पेट्रोल पुरेसे झाले की एक सुई वाट बंद करते. आपल्या घरच्या टाकीतला बॉलकॉक असाच चालतो. सुईखाली कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडले की पेट्रोल वरून ओसंडून गरम इंजिनावर पडते. दुरुस्ती लहान, पण आग मोठी.

आणखी एक नवे कारण आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांचे रबर अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, चिरते. तेव्हा जुन्या गाडीचे, आणि घरातल्या जुन्या स्कूटरचेही, पेट्रोलचे सगळे पाईप आणि वायसर तपासून इथेनॉल चालणारे नवे बसवून घ्यावेत. पालकांनी हे आपल्या दुचाकीपासून सुरू करावे.

ब्रेक : इथे काटकसर नको

चौथ्या डागाचे मूळ चाकातल्या सिलिंडरचे झिजलेले रबर हे होते. गाडी अनेक महिने उभी राहिल्याने आत गंज धरला होता, आणि गंजाने रबर कापले. पालकांनी गिऱ्हाइकाला तिथेच फोन केला, "साहेब, बाकी सगळं थांबवतो. आधी चारही चाकांचे ब्रेक खोलतो. तोपर्यंत गाडी मिळणार नाही." गिऱ्हाईक घाईत होते, आवाज चढला होता, पण हे बधले नाहीत. मुलांनी ते बोलणे ऐकले. मला वाटते, त्या दिवशीचा खरा पाठ तोच होता.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ प्रतीचे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर ओले तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायातले पेडल पोकळ लागते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्यात चुकूनही इंजिन ऑईल टाकू नये, सगळी रबरे फुगून निकामी होतात. आणि ते रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो, लगेच पाण्याने धुवावे.

हे काम शिकाऊ मुलाने एकट्याने करायचे नाही. जाणत्या हाताखालीच करायचे.

विजेचे बारीक बिघाड

दिवा मंद, हॉर्न घोगरा, इंडिकेटर मनाला येईल तेव्हा लागणारा. जुन्या गाडीत अशा दहा तक्रारींचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे खराब अर्थिंग. लोखंडी गाडीत वीज तारेने जाते आणि गाडीच्या अंगातून परत येते. फायबर ग्लासच्या गाडीत अंगातून वीज वाहतच नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार लागते. ती गंजली की दिवा रुसला.

दहावीच्या मुलांसाठी एक उदाहरण. १२ व्होल्टवर ६० वॅटच्या हेडलाईटला ५ अँपिअर वीज लागते. गंजलेल्या जोडावर केवळ ०.२ ओहमचा विरोध आला तरी ओहमच्या नियमाने सुमारे १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. दिव्याला १२ ऐवजी ११ मिळतात, आणि अशा तारेच्या दिव्याचा उजेड जवळजवळ चतुर्थांशाने कमी होतो. लोक मग मोठा बल्ब घेतात. खरा उपाय म्हणजे पॉलिश पेपरने जोड घासणे, घट्ट करणे आणि त्यावर थोडे व्हॅसलीन.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर मोठा फ्यूज किंवा तार लावू नका. फ्यूज जातो म्हणून तार जळत नाही. आणि काम सुरू करताना बॅटरीची उणे बाजूची तार आधी काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

पावसाचे पाणी

उघड्या टपाच्या गाडीत पाणी येते ते बहुधा रबराच्या कडेने. पण पुष्कळदा दोष असतो तो तुंबलेल्या भोकांचा. दरवाजाच्या तळाशी आणि काचेखाली पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. त्यांत पाने, माती साचली की पाणी आत वळते आणि पत्रा आतून कुजतो. पावसाळ्याआधी ती भोके तारेने मोकळी करावीत. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरानंतर सुरतेत किती गाड्या वरून पुसून चकचकीत दिसत होत्या आणि आतून सडत होत्या, ते मोठ्यांना आठवत असेल.

जिवाचे पाच नियम

१. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. सपाट जागा, चाकांना अडणी आणि खाली पक्के स्टँड हवेत.
२. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.
३. पेट्रोलचे काम उघड्या हवेत करा, बिडी-काडी आणि उघडा बल्ब दूर ठेवा, आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी असू द्या.
४. सैल बाही, ओढणी, कडे, अंगठी घालून फिरत्या पंख्याजवळ जाऊ नका.
५. जुने तेल गटारात किंवा खाडीत ओतू नका. डब्यात साठवून ते तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.

पालकांना एक कायद्याची गोष्टही सांगते. १४ वर्षांखालील मुलाला परक्याच्या गॅरेजात कामाला ठेवणे कायद्याने बंद आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. ज्याला या कामाची आवड आहे त्याने दहावी करावी आणि आय.टी.आय.चा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. आवड आणि सर्टिफिकेट दोन्ही हातात असले की मजुरी आणि मान दोन्ही वाढतात.

जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यापुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणीही आहे. म्हणजे नीट राखलेल्या जुन्या वस्तूला सरकारदरबारीही जागा आहे.

शेवटी एक विनंती

परत येताना मी मुलांना विचारले, काय शिकलात? एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जिथे डाग तिथे चूक नसते." मला आपल्या शाळेचीच आठवण झाली. मुलाचे गुण घसरतात, तो डाग खाली पडलेला असतो. मूळ कुठेतरी वर आणि पुढे असते : घरातली रात्रपाळी, न लागलेला चष्मा, किंवा आमच्याच शिकवण्यातली तुंबलेली नळी. तिथेही पाना उचलण्याआधी शोध घ्यायला हवा.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. शाळेच्या मागच्या खोलीत दर शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी एक 'दुरुस्ती तास' सुरू करावा. त्यासाठी एक मल्टिमीटर, पान्यांचा एक संच, आग विझवण्याचा सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी एवढेच लागेल. गाडी लागणार नाही. सायकल, शिलाई मशीन, मिक्सर आणि गळका नळ यांवर सुरुवात करू. ते गॅरेजवाले पालक महिन्यातून एक शनिवार विनामोबदला यायला तयार आहेत, आणि आपला तो माजी विद्यार्थीही. पहिल्या तासाला तो मुलांना आपला हात दाखवून सांगणार आहे, की झाकण केव्हा उघडायचे नसते.

सर्वांना नव्या वर्षाच्या अभ्यासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
मुख्याध्यापिका